डावरीचं सारवण

प्रयागबाई डावरी. घास तेवढा सासूच्या धाकानं उजव्या हातानं खायची. बाकी खुरपं, विळा, पोतेरं सगळं डाव्या हातात. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिला सारवताना पाहून सासू चतुराबाई जे बोलली, ते पालुपद तिनं आजवर सोडलं नव्हतं. "डाव्या हातानं सारवलेलं घर टिकत नाही, सांगून ठेवतो!" घर चांगलं टिकलं होतं, नातवंडं अंगणात लोळत होती, पण म्हातारीच्या जिभेला हाड असतं तर ना!

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि रिठद गावाच्या अलीकडच्या नाल्यावर धरणाचं काम निघालं. नाल्याकाठी एक टेकाड होतं. पांढरी म्हणत त्याला. कोण्या काळी तिथं गाव नांदलं, उठलं, आणि मागं राखमातीचा ढीग राहिला. गावच्या बाया भिंती पोतारायला तिथूनच माती आणायच्या. आता धरणाची भिंत नेमकी त्या टेकाडावरून जाणार होती. मशिनी फिरायच्या आत त्याच्या पोटात काय आहे ते पाहून घ्यावं, म्हणून नागपूरहून खोदकामाचे साहेब आले आणि त्यांनी गावातल्याच बायामाणसांना हाताशी घेतलं.

प्रयागबाईच्या खड्ड्यात खाली एक चूल लागली. चुलीभोवती घोटलेली जमीन, कोपऱ्यात रांजणाचं बूड. साहेब गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "प्रयागबाई, हे घर दोन हजार वर्षांचं आहे."

"अवं माय!" तिनं तोंडावर हात ठेवला. "येवढी जुनी चूल? आन आपल्यासारखीच!"

त्या दिवसापासून तिचा जीव त्या घरात गुंतला. कोण बाई असेल, किती लेकरं असतील, सासू कशी असेल, हेच डोक्यात. दुसऱ्या कोणाला ती त्या जमिनीवर पाय ठेवू देईना.

काम संपत आलं तेव्हा साहेब म्हणाले, "उद्या वाशिमहून फोटोवाले येतील. परवा मशीन येईल. मग या घराचा फोटो तेवढा उरेल. घर नीट दिसलं पाहिजे."

नीट दिसलं पाहिजे! आता हे वाक्य बाईमाणसाला सांगायचं असतं का?

सकाळी साहेब टेकाडावर आले तर खड्ड्यात हिरवंगार शेणाचं सारवण चमकत होतं. चुलीपुढं रांगोळीची चार बोटं ओढलेली. प्रयागबाई कडेला पदर खोचून उभी, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

साहेब मटकन खाली बसले. "बाई, हे काय केलंत तुम्ही?"

"फोटो काढाचा ना? बिनसारवल्या घराचा कोनी फोटो काढते काय? त्या बाईची इज्जत जाईन ना, साहेब."

"तिची जमीन झाकली तुम्ही! आता हे काढायला गेलं तर खालचंही उखडून येईल."

तेव्हा तिला उमगलं. जिच्या घराची लाज राखायला गेली, तिचंच घर आपल्या हातानं बुडवलं की! ती कडेलाच बसून रडू लागली. तेवढ्यात फोटोवाले आले, आणि भाकरी घेऊन चतुराबाईही आली.

"डावरीनं सारवलं ना? मंग असंच होईन!" म्हातारी कडाडली.

साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. ऊन चढत होतं. घाईघाईत प्रयागबाईनं सारवण जाड घातलं होतं, त्याचे पोपडे उठू लागले होते. साहेबांनी मऊ ब्रश घेतला, एक तिच्या हाती दिला. "रडू नका. अगदी हळू."

दोघांनी श्वास धरून एकेक पोपडा सोडवला. जुनी जमीन जागची हलली नव्हती. आणि तिच्यावर हिरव्या रेघा उमटल्या होत्या. कमानीसारख्या, एकाशेजारी एक. ताजं शेण जुन्या जमिनीच्या बारीक खाचांत अडकून बसलं होतं.

साहेब वाकले. "ही बोटं आहेत! सारवणाऱ्या बाईची बोटं. इतके दिवस दिसलीच नाहीत आपल्याला."

प्रयागबाईनं भीतभीत उजवा हात त्या रेघांवर अधांतरी धरून फिरवला. वळण उलटं जाऊ लागलं. मग डावा धरला. बोटं रेघांवरून सरळ गेली, जशी रोज घरी जात होती.

"साहेब," तिचा आवाज चिरकला, "हे बाई डावरी व्हती!"

तिनं वर सासूकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही आवरत नव्हतं. "आत्याबाई, पाहा बरं. दोन हजार वर्सं टिकलं घर."

सगळं टेकाड चतुराबाईच्या तोंडाकडं पाहू लागलं. म्हातारी खड्ड्यात डोकावली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "हूं! तिची सासू लवकर मेली असन." खड्ड्याच्या चारी कडांवर हशा उसळला आणि त्या हशातच फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकडून मशीनची घरघर ऐकू आली. प्रयागबाई अंगण सारवायला बसली होती. आवाज ऐकून तिचा हात थांबला. चतुराबाई घरातून आली. रीतीप्रमाणं उजवीकडं ठेवलेलं शेणाचं घमेलं तिनं उचललं आणि सुनेच्या डाव्या अंगाला ठेवलं.