बाथरूमची कडी

फीट येते तेव्हा चिमणीला स्वतःला काहीच कळत नाही, म्हणून दवाखान्यात तोंड आईचंच चालायचं. कुठला हात आधी आखडला, डोळे कुठे वळले, सगळं आईला तोंडपाठ. डॉक्टरही आईलाच विचारायचे. लेक शेजारी बसून पर्सची चेन उघडझाप करायची. पंचविशी उलटली तरी आईला ती चिमणीच.

आज डॉक्टरांच्या आधी नर्सने आत बोलावलं. "फीट येणाऱ्या सगळ्यांनाच आता मनाचंही विचारतो आम्ही. झोप लागते का नीट?"

"ढाराढूर!" आई म्हणाली.

"कशात मन लागत नाही, असं होतं?"

"छे हो! मी कपडे शिवते, ही काजं-बटणं करते. दिवस कसा जातो कळत नाही."

"रडू येतं?"

"हिला? दगड आहे नुसती. पडून दात तुटला, तरी डोळ्यांत टिपूस नाही."

नर्सने पेन खाली ठेवलं. "आई, फीट कशी आली ते तुम्हीच सांगायचं. पण हे बाहेरून नाही हो दिसत. तिला बोलू द्या."

आईला राग आला. पोटच्या पोरीचं मन ही मला सांगणार?

चेनचा आवाज थांबला. "रडायचं कुठे?" चिमणी म्हणाली. "बाथरूमला कडी नाही."

कडी आईनेच काढली होती. एकदा चिमणी आत पडली, शेजाऱ्यांनी दार फोडलं, त्याच संध्याकाळी. तेव्हापासून लेक आंघोळीला गेली की आई दाराशी स्टूल टाकून बसते आणि घडीघडीला विचारते, "आहेस ना गं?" आतून "आहे" आलं, की तिचा जीव भांड्यात पडतो.

नर्सने खुर्ची जवळ ओढली. "आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं कधी?"

चिमणीने सवयीने आईकडे पाहिलं. आईने तोंड उघडलं. पोरीचं एवढं सगळं माहीत होतं, आणि हेच माहीत नव्हतं.

"तूच सांग गं," ती कशीबशी म्हणाली.

"रोज वाटतं," चिमणी म्हणाली. "बाथरूममध्ये. मग तू हाक मारतेस, आणि आहे म्हणावंच लागतं."

आईला रडू फुटलं. लेकीचा हात धरून ती तिथेच बसून राहिली, आणि नर्सने पुढे जे जे विचारलं, त्याची उत्तरं तिने चिमणीलाच देऊ दिली.