राउटरचा नवा पासवर्ड

थोरली खाली राहायची, वडिलांसोबत. पुढच्या खोलीत तिची दोन शिलाई मशीनं, मागच्या खोलीत अण्णांचा पलंग. धाकटी आणि तिचा नवरा वरच्या मजल्यावर. इंटरनेट मात्र दोन्ही घरांना एकच, थोरलीच्या नावावरचं. राउटर जिन्याच्या भिंतीवर बसवलेला, म्हणजे वरही रेंज मिळावी.

अण्णांच्या छातीत पेसमेकर बसवला तेव्हा हॉस्पिटलने जाडजूड पुस्तकाएवढा एक डबा दिला. तो उशाशी ठेवायचा. पेसमेकरने टिपलेलं सगळं तो रोज सकाळी हॉस्पिटलला पाठवणार. जोडून द्यायला तंत्रज्ञ बाई आल्या होत्या.

"तुमच्या राउटरची दोन नावं दिसतात," त्या म्हणाल्या. "ज्याच्या शेवटी पाच आकडा आहे, त्याला हा डबा जोडला जात नाही. दुसरं घ्यायचं." मग बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर शोधत त्यांनी पासवर्ड भरला. पिवळा दिवा हिरवा झाला. "पासवर्ड कधी बदललात तर इथेही बदला. याला आपोआप कळत नाही."

निरोपासाठी नंबर धाकटीचा दिला. मशीनच्या आवाजात थोरलीला फोन कधीच ऐकू यायचा नाही.

अडीच महिने सगळं सुरळीत चाललं. मग तपासणीची तारीख आली. थोरलीला एका शाळेचे चाळीस गणवेश शिवून द्यायचे होते. ती वर गेली आणि म्हणाली, "या खेपेला तू ने अण्णांना."

"मला सुट्टी नाही."

"मला तरी कुठे आहे?"

"तू घरीच असतेस, ताई."

हे 'घरीच' थोरलीला झोंबलं. शब्दाने शब्द वाढला. धाकटी शेवटी म्हणाली, "घर तुझं, इंटरनेट तुझं, अण्णाही तुझेच. मग निस्तर की तूच."

"बरं. माझं ते माझंच राहू दे," थोरली म्हणाली. खाली येऊन तिने फोनवरून राउटरचा पासवर्ड बदलला आणि धाकटीचा नंबर ब्लॉक केला. थोड्या वेळाने धाकटीचा नवरा अर्ध्या जिन्यापर्यंत आला, राउटरकडे बघून परत गेला. थोरलीला बरं वाटलं. उशाच्या डब्याची तिला आठवणसुद्धा झाली नाही. तपासणी पुढे ढकलली गेली.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी आतून हाक मारली. "अगं, या डब्याचा दिवा पिवळा झालाय."

थोरलीच्या ओठात टाचण्या होत्या. "हं," ती म्हणाली.

"बघ सवडीने."

अण्णा एक गोष्ट दोनदा सांगणाऱ्यातले नव्हते. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, पण घरात कुणाला टोकायचं त्यांच्या जिवावर यायचं. थोरलीला सवड झाली नाही.

सहाव्या दिवशी हॉस्पिटलमधून धाकटीला फोन आला. डब्याकडून काही येत नाहीये, बंद केलाय का? "बघते," ती म्हणाली. तिने ताईला फोन लावला, लागला नाही. निरोप टाकला, तो पोचला नाही. आपल्याला ब्लॉक केलंय हे लक्षात आल्यावर तिचं डोकं फिरलं. खाली ती आहेच की, तिला दिसत असेलच, असं म्हणून ती कामावर गेली.

नवव्या दिवशी दुपारी थोरली चहा घेऊन आत गेली. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने दोनदा हाक मारली, मग खांद्याला हात लावला. हॉस्पिटलात नेलं, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चार दिवसांनी तंत्रज्ञ बाई डबा न्यायला आल्या. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर 'पासवर्ड चुकीचा' असं आलं आणि खाली शेवटच्या जोडणीची तारीख. थोरलीने ती वाचली. तो दिवस तिला चांगलाच माहीत होता.

"चालू असता तर कळलं असतं?" तिने विचारलं.

बाई वायर गुंडाळत राहिल्या. "पेसमेकरमध्ये नोंद सापडली. शेवटचे चार दिवस ठोके बिघडत होते. आम्ही लगेच बोलावून घेतलं असतं. वाचले असते का, ते डॉक्टरही छातीठोक सांगणार नाहीत." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला कळवलं होतं आम्ही."

बाई गेल्यावर थोरली जिना चढली. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी पासवर्ड बदलला होता," थोरली म्हणाली. "डब्याचा राहिला."

धाकटीचे हात थांबले. "मला फोन आला होता."

"मग खाली का नाही आलीस?"

"तू ब्लॉक केलं होतंस."

"अकरा पायऱ्या आहेत."

"हो," धाकटी म्हणाली.

धाकटीच्या नवऱ्याने टीव्ही बंद केला आणि तो उठून बाहेर गेला. दोघी रडल्या नाहीत. थोरलीने समोरची चादर उचलली, एक टोक धाकटीने धरलं, दोघींनी मिळून घडी घातली. मग थोरली खाली आली.

पुढच्या महिन्यात वरच्यांनी आपलं वेगळं कनेक्शन घेतलं. बोलणं सुटलं नाही. आजारीबिजारी पडलं तर दोघी एकमेकींकडे जातात, भाजी निवडून देतात. पण भेटायला आलेलं कुणी विचारतं, अण्णांना एकाएकी काय झालं. तेव्हा एक जण म्हणते, "हृदय थकलं होतं." दुसरी तोवर उठून आत गेलेली असते.