पळीभर तीर्थ

निमिष त्या लॅपटॉपला इतका विटला होता, की बटण दाबून तो दुसरीकडेच बघायचा. न जाणो, आपण बघतो म्हणून बिघडत असेल! पण मेला कुठला ऐकतोय. सुरू व्हायचा, सोळा जीबी मेमरी असताना आठच दाखवायचा, आणि एखाद्या इमारतीचं चित्र उघडलं रे उघडलं, की स्क्रीनवर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या यायच्या. त्यानंतर सगळाच अंधार.

आणि निमिषचं पोट तर इमारतींच्या चित्रांवरच होतं. पुण्याच्या एका कंपनीसाठी तो न बांधलेल्या सोसायट्यांची चित्रं बनवायचा, त्यात झाडं लावायचा, बाल्कनीत हसरी माणसं उभी करायचा. आई गेली आणि काशीला ब्रह्मा घाटाच्या घरात अण्णा एकटे राहिले, तेव्हा साहेबांनी त्याला इथून काम करायची परवानगी दिली. काम अडता कामा नये, एवढी एकच अट घातली. बायको, सुरुची, पुण्यातच शाळेत शिकवते. सुरुवातीला ती रोज फोनवर विचारायची, कधी येतोस. हल्ली विचारत नाही, आणि तेच निमिषला जास्त लागतं.

अण्णा म्हणजे बिंदुमाधवशास्त्री. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं-पूजा करण्यात त्यांचा जन्म गेला. आता हात कापतात म्हणून बाहेरची कामं बंद झाली, पण घरची पूजा चुकली नाही. ती सोवळ्यात, आणि सोवळ्यात असताना त्यांना कोणी शिवायचं नाही. आईसुद्धा लांबूनच फुलं सरकवायची. पळीतलं अर्धं तीर्थ देवाला आणि अर्धं फरशीवर, असा प्रकार चाले. पूजा आटोपून अण्णा उठले, की निमिष गुपचूप पोछा मारून घेई.

मग एक दिवस कंपनीचा निरोप आला, की सगळ्यांनी बायोसचं अपडेट घ्यावं. बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यांच्या आधी जागा होणारा प्रोग्राम. तोच बिघडला तर पुढचं सगळंच राहिलं. चहा पिता पिता निमिष अण्णांना सहज बोलून गेला, की हे नीट झालं तर ठीक, नाहीतर मला पुण्याला जाऊन बसावं लागेल. अपडेट सुरू करून, लॅपटॉप चौरंगावर तसाच उघडा ठेवून तो अण्णांची औषधं आणायला चौकात गेला. परत आला तोवर ते संपलं होतं, आणि तिथूनच हे भोग सुरू झाले.

आठवडा त्यात गेला. कंपनीच्या तांत्रिक विभागातली मुलगी फोनवर सांगेल ते सगळं त्याने केलं. बायोसच्या सेटिंग मूळ पदावर आणल्या, ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, मग जुना टाकून पाहिला. जुनं बायोस परत घालायला कंपनीची मनाई होती. मधेच बिजली जायची, इन्व्हर्टर केकाटायचा, आणि पलंगावरून अण्णा हळूच विचारायचे, झालं का रे ठीक? निमिष त्या अपडेटला, कंपनीला, नशिबाला, ज्याला सुचेल त्याला शिव्या घालायचा. अण्णा त्यावर भिंतीकडे तोंड करून पडायचे.

शेवटी साहेबांची मेल आली. सोमवारी मशीन घेऊन पुण्याला हजर व्हा, आणि यापुढे ऑफिसातच बसा.

मेल वाचली आणि निमिषच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? सुटलो! पोछा नको, औषधं नकोत, अंधाऱ्या जिन्यावरून दळण वाहायला नको. अण्णांसाठी एखादी बाई ठेवू. आपला तर काही दोष नाही, मशीनच मेलं. मग पलंगावरचे पातळ पाय दिसले आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की तो उठून गॅलरीत गेला.

तांत्रिक विभागातल्या त्या मुलीने फोन ठेवता ठेवता म्हटलं होतं, की मेमरीची पट्टी तरी काढून बघा. म्हणून दुपारी त्याने शेजारून बारीक स्क्रूड्रायव्हर आणला आणि लॅपटॉप पालथा घालून मागचं झाकण उघडलं. दोन पट्ट्यांपैकी एकीच्या खाचेशी पाण्याचा सुकलेला पांढरा डाग होता. आणि त्या डागात चिकटलेला एक तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला.

निमिषने तो नखाने उचलला आणि अण्णांसमोर धरला.

"अण्णा, ही अक्षत इथे कशी?"

अण्णांनी तो दाणा आपल्या तळहातावर घेतला.

"तूच म्हणालास, नीट झालं तर इथेच राहशील. म्हणून वाहिल्या," ते म्हणाले. "तीर्थाचा थेंबच द्यायचा होता रे. हात हलला. पळीभर सगळं आत गेलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू गेला असतास."

निमिषला रागवायचं होतं, पण रागवायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. तो पट्टी हातात घेऊन बसून राहिला. तशीच परत बसवली असती तर कोणाला कळणार होतं? सोमवारची गाडी होती, सुरुची होती, स्वतःचं घर होतं. म्हाताऱ्याने आपल्याच हाताने त्याची सुटका करून ठेवली होती, आणि तीही त्याला धरून ठेवायच्या नादात.

मग त्याने खोडरबर शोधलं. पट्टीचे पिवळे दात एकेक करून घासले, खाचेतला डाग कोरड्या ब्रशने झाडला, पट्टी खटकन बसवली. लॅपटॉपने सोळा दाखवले. एक आख्खी सोसायटी उघडली, बाल्कनीतल्या माणसांसकट, आणि स्क्रीन जराही हलली नाही. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तसं काही झालं नाही. त्याने साहेबांना कळवलं, की मशीन ठीक झालं, येत नाही. मग सुरुचीला फोन केला. ती बरं झालं म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पूजेला बसले. निमिष सवयीने पोछा घेऊन लांब दाराशी उभा राहिला. अण्णांनी पळी उचलली, ती थरथरली, आणि त्यांनी ती तशीच खाली ठेवली.

"ये इकडे. माझा हात धर," ते म्हणाले.

"अण्णा, माझी अजून आंघोळ व्हायची आहे."

"असू दे."

निमिष पुढे झाला, त्यांच्या मागे बसला आणि मनगट धरलं. अण्णांना सोवळ्यात तो जन्मात पहिल्यांदा शिवत होता. हात हलका होता आणि थांबत नव्हता. दोघांनी मिळून पळी देवापर्यंत नेली, आणि फरशीवर एक थेंबही पडला नाही. अण्णांनी पुन्हा पळी भरायला हात पुढे केला, आणि निमिषला कळलं, की आता हे रोजचं झालं.