नळ तोडायचा उपाय

"नळ तोडा," साहेब म्हणाले. "लोक आपोआप घरं खाली करतात. आजवरचा अनुभव आहे."

टेबलाभोवतीच्या माना हलल्या. संजीवनीची मात्र ताठ राहिली. अतिधोकादायक इमारतींच्या यादीत यंदा कॅम्प पाच या वस्तीतली मोहिनीधाम होती, आणि तिथेच ती सासूला घेऊन राहत होती. महापालिकेच्या बांधकाम विभागातली ती लिपिक. पाणी तोडलं की माणसं निघतात, असं दर वर्षी टिपणीत तीच लिहायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उपाय तसे पुष्कळ निघाले होते. पण तात्पुरत्या घरांना जागा नव्हती, भाडं द्यायला निधी नव्हता, शाळेत ठेवावं तर जूनला शाळा उघडणार. सगळे उपाय दिसायला देखणे, पायांनी अधू. चालणारा तेवढा नळच.

"साहेब, एक बोलू? आधी खाली केलेल्या इमारतींतली माणसं मला बाजारात भेटतात. परवडेल अशी खोली त्यांना कुठं मिळते? दुसऱ्या जुन्या बिल्डिंगमध्येच. मग ती बिल्डिंगही आपल्या यादीत येते. आपण माणसं वाचवत नाही, नुसती सरकवतो."

"खरंय तुमचं." साहेब वाईट नव्हते. एकदा स्लॅब कोसळला तेव्हा ढिगाऱ्यापाशी उभे राहून त्यांनी मुलांची प्रेतं निघताना पाहिली होती. "मग राहू द्यायचं काय त्यांना? पडू दे म्हणायचं? दुसरं काय जमेल ते सांगा, आत्ता सही करतो."

इकडे आड, तिकडे विहीर. संजीवनीला स्वतःचाच राग आला, आणि त्याच रागात तिने इतिवृत्तात 'पाणीजोडणी खंडित करावी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

त्याच आठवड्यात मोहिनीधामचे नळ कोरडे पडले.

"पानी का नाय गं आलं?" अंथरुणाला खिळलेल्या सासूने, इंदुबाईंनी, विचारलं.

"तोडलं, आई. ऑफिसनं."

"तुज्याच? मंग सांग ना त्यांना, आपुन इथं ऱ्हातो म्हणून."

"त्यांना ठाऊक आहे, आई."

सुनेच्या नोकरीचा इंदुबाईंना केवढा आधार वाटायचा.

लांब वांगणी गावाला नवी, स्वस्त घरं होती. पण संजीवनी कामावर गेली की इंदुबाईंना पाहायची शेजारची जनी, आणि जनी तिकडे थोडीच येणार? तिने तर पलीकडच्या गल्लीत खोली घेतलीसुद्धा. दलालाने संजीवनीलाही त्याच इमारतीत नेलं.

"इससे सस्ता नहीं मिलेगा, मॅडम. तळमजला आहे, माताजींना चढायला नको."

संजीवनीने वर पाहिलं. ताज्या चुन्याखालून तुळईची भेग लांबवर गेली होती, कोपऱ्यात गंजलेली सळई उघडी पडली होती. असले फोटो तिच्या टेबलावरून रोज जायचे. इथे अजून पाहणी झाली नव्हती, एवढंच.

"घेते," ती म्हणाली.

सामान आलं. टेम्पोवाल्यांनी खाट आत भिंतीशी लावली. संजीवनीने ती ओढत ओढत दाराच्या चौकटीखाली आणली. वरचं सगळं खाली आलं तरी चौकट कधीकधी तग धरते, असं तिने ऐकलं होतं.

"अशी वाटेत कशापायी?" इंदुबाई कुरकुरल्या. "येनाऱ्याजानाऱ्याला अडचन."

"असू दे, आई," त्यांच्या पायांवर पांघरूण घालत संजीवनी म्हणाली. "इथं हवा चांगली लागते."