झाकण उघडायचं राहून गेलं

मित्रांनो, खिडकीच्या कठड्यावरची ती काचेची बरणी दिसली का? काठाला टवका उडालेली, बिनझाकणाची? तीच मी. जन्म माझा भट्टीतला. आधी माझ्यात मध होता. तो संपला, वरचा चिकट कागद निघाला आणि आजोबांनी मला विसळून उन्हात धरलं. "ही आपल्या कामाची," म्हणाले. तेव्हापासून माझ्या पोटात जीव येऊ लागले.

आजोबांचा जन्म नळदुरुस्तीत गेलेला. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात न्हाणीघराच्या कोपऱ्यातून गोमी निघायच्या. लांब लांब पायांच्या, बघता बघता भिंत चढणाऱ्या. गोम दिसली की सून किंचाळायची, नात भिंगरी स्टुलावर चढायची आणि मुलगा चप्पल शोधायचा. आजोबा मात्र मला घेऊन यायचे. गोमीवर मला अलगद उपडं ठेवायचे, खालून कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवायचे, सुलटं करून झाकण लावायचे. गोमीला हवा मिळावी म्हणून झाकणाला त्यांनी खिळ्याने भोकं पाडली होती. मग चार जिने उतरून, इमारतीमागच्या कुंड्यांपाशी तिला सोडून यायचे.

"अहो बाबा, येताना तिचा पत्ता पण घेऊन या," सून म्हणायची. "पत्रं पाठवू."

"हसू नकोस गं. झुरळांची पिल्लं खाते ती. घरात नको तर नको, पण मारायची नाही. तोही देवाचाच जीव."

भिंगरी स्टुलावरूनच विचारायची, "आजोबा, तिला पाय किती?"

"तीस! आणि मला मेलं दोन सांभाळता येईनात."

गोम उगाच येत नाही, हे त्यांचं ठाम मत. टाइलला कान लावून ते मुलाला सांगायचे, "आत नळ पाझरतोय. ओल आहे म्हणून ती आहे. टाइल फोड, ओल थांबव, गोमी आपसूक जातील."

"बाबा, फोडायचं म्हणजे आठ दिवस न्हाणीघर बंद. मला रजा कोण देणार? फवारणीवाला बोलावतो, तासाभराचं काम."

मुलगा वाईट नव्हता हो. दमलेला होता.

फवारणीच्या दिवशी सकाळी आजोबांनी न्हाणीघरात एक गोम धरली. "चल बाई, तू तरी वाच," असं म्हणून मला दाराशी, चपलांच्या कपाटावर ठेवलं. "पाय बुळबुळीत झालेत. धुऊन येतो, मग जाऊ खाली."

ते आलेच नाहीत. धप्पकन आवाज आला. ज्या टाइलखाली ओल होती, तिच्यावरच त्यांचा पाय सरकला. मग पळापळ झाली, त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत कुणीतरी एक कापडी पिशवी माझ्यावर टाकली. भिंगरीला मावशीकडे पाठवलं. दुपारी फवारणी झाली आणि तो माणूस "काम चोख" म्हणून निघून गेला.

पिशवीखाली आम्ही दोघीच. देवाने तिला तीस पाय दिले, पण काचेवर चढायची विद्या दिली नाही. ती उठायची, घसरायची, पुन्हा उठायची. तिला भुकेचं काही नव्हतं, मित्रांनो. तिला हवा होता ओलावा. तो माझ्याकडे कुठला?

तिसऱ्या दिवशी दाराशी मुलगा आणि सून बोलत होते.

"बाबा सारखं 'झाकण उघडा, झाकण उघडा' म्हणतात," सून म्हणाली. "मी डब्याचं झाकण उघडून खीर दाखवली, तर मान फिरवली."

"तापात बरळतायत. डॉक्टर म्हणाले, लक्ष देऊ नका."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, खाली पडावं आणि फुटावं. पण बरणीला तेवढंही आपल्या हाताने करता येत नाही. आजोबांनी कित्येक जीव माझ्या आधाराने सोडवले, आणि हा एक माझ्या भिंतींपाशी पाय टाकत टाकत वाळून गेला. त्यानंतर दोन दिवसांनी आजोबाही गेले.

भिंगरी मावशीकडून परतली आणि चपला ठेवायला कपाटाशी आली. तिने पिशवी उचलली.

"आजोबांची बरणी इथे कशी?"

सून हळूच म्हणाली, "ते झाकण उघडा म्हणत होते..."

"मग हेच झाकण ना, आई! मला का नाही विचारलं?"

मुलगा तिथेच, चपलांमध्ये, खाली बसला.

जी पोर गोम दिसली की स्टुलावर चढायची, तीच मला उराशी धरून चार जिने उतरली. कुंडीपाशी झाकण उघडून तिने गोमीची ती वाळलेली काडी मातीत ठेवली. मुलगा चार पावलं मागे उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने रजा न मागताच टाइल फोडली. आत नळ थेंबथेंब गळत होता. आजोबा लावायचे तसा त्याने शेजारच्या टाइलला कान लावला, आणि बराच वेळ काढला नाही.

आता इथे गोमी येत नाहीत. भिंगरीने माझं झाकण कायमचं काढून ठेवलंय.

मित्रांनो, घरात गोम दिसली तर चप्पल शोधण्याआधी ओल शोधा. आणि अंथरुणावरचं माणूस तेच ते बोलत असेल, तर तापातलं म्हणून सोडून देऊ नका. जवळपासची एखादी पिशवी उचलून बघा. खाली कुणीतरी वाट पाहत असेल.