पेम्बाला विमान जात नाही

उदयसिंह घोरपडे तिसऱ्यांदा दुकानात आला, तेव्हाच ताहेरच्या मनात आलं, की असलं गिऱ्हाईक दुश्मनाच्याही वाट्याला येऊ नये.

खारघरला ओव्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये हा गृहस्थ अकराव्या मजल्यावर राहायचा. बाल्कनीखाली अख्खं ओवे गाव पसरलेलं. नऊ वर्षांत त्या गावात त्यानं पाय ठेवला नव्हता, आणि आता आफ्रिकेतल्या एका बेटावर जाऊन त्याला लोकजीवन बघायचं होतं. ‘आम्ही टुरिस्ट नाही, ताहेरभाई, ट्रॅव्हलर आहोत,’ असं तो दर खेपेला ऐकवायचा. पाठोपाठ त्याची बायको पद्मजा विचारायची, की विमानात मेतकूट नेऊ देतात का.

ताहेरची ट्रॅव्हल एजन्सी पनवेलच्या लाइन आळीत. आखातात नोकरीला जाणारी पोरं आणि उमऱ्यासाठी मक्केला जाणारी म्हातारी माणसं ही त्याची खरी गिऱ्हाइकं. कुठं जायचं आणि कशासाठी, हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. पण गेल्या चार-पाच वर्षांत, म्हणजे दोन हजार दहानंतर, हे नवं पीक आलं होतं. सोसायटीतले सगळे बाली करून आले, म्हणून यांना बाली नको. जिथं कुणी जात नाही तिथंच यांना जायचं, आणि तिथं एसी हवा, चोवीस तास गरम पाणी हवं, आणि कांदा-लसूण वेगळा शिजवणारा आचारीही हवा. उदयसिंहनं तर सगळ्या बेटाची प्रदक्षिणाच आखली होती. दक्षिणेला बोटीच्या धक्क्यावर एक दिवस, उत्तरेला जंगलात एक, दीपगृहावर सूर्यास्त सहा पंधराला. सूर्यानंही याच्या कागदाप्रमाणे बुडायचं!

बेटाचं नाव पेम्बा. झांझिबारच्या उत्तरेला, लवंगांचं. जगात एवढी बेटं असताना या शहाण्याला नेमकं तेच सापडावं, याची ताहेरला खरी चीड होती.

कारण त्याच्या बायकोचे, सायराचे, वडील पेम्बात लवंगेच्या पेढीवर कारकून होते. चाके-चाके नावाच्या गावात. चौऱ्याऐंशी साली तिथंच वारले, तिथंच दफन झाले. उरणला सायराच्या माहेरी पत्र पोचलं तोवर चाळिसावा दिवसही उलटून गेला होता. सायरा तेव्हा अकरा वर्षांची. लग्नानंतर तिनं नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली, अब्बांच्या कबरीपर्यंत एकदा घेऊन चला. त्या दिवशी दुकानात उमऱ्याची गर्दी होती आणि ताहेरला समजावत बसायचा कंटाळा आला होता. ‘पेम्बाला विमान जात नाही,’ तो म्हणाला. ‘बाहेरच्या माणसाला तिथं सोडतच नाहीत.’

सायरानं मान हलवली. ज्याचा धंदाच तिकिटांचा, त्याच्या बायकोनं आणखी कुणाला विचारायचं?

पुढं दर दोन-चार वर्षांनी ती विचारत राहिली आणि तो तेच सांगत राहिला. आता खरं सांगायचं तर आधीचं सगळं खोटं होतं असंही सांगावं लागलं असतं. तेवढी छाती त्याला नव्हती.

सायरा रोज दुपारची नमाज आटोपून दुकानात यायची आणि बाजूच्या टेबलावर व्हिसाचे फॉर्म भरायची. तिचं अक्षर मोत्यासारखं. म्हणून ताहेर उदयसिंहला नेहमी सकाळी अकराची वेळ द्यायचा. त्याला बेटापासून तोडायचेही सगळे प्रयत्न त्यानं करून पाहिले होते. ‘साहेब, तिथं काय आहे? लवंगा आणि चिखल.’

‘हेच!’ उदयसिंह टेबलावर थाप मारून म्हणाला होता. ‘हेच तर हवंय!’

पालथ्या घड्यावर पाणी. ताहेरनं नाद सोडला आणि तिघांचं बुकिंग करून टाकलं.

त्या मंगळवारीही अकराचीच वेळ ठरली होती. पण नवरा-बायको मुंबईला पिवळ्या तापाची लस टोचून घ्यायला गेले, तिथं रांगेत अडकले, आणि सव्वादोनला दारात उभे राहिले. सायरा समोर बसलेली. ताहेरच्या तोंडचं पाणी पळालं.

‘ताहेरभाई, एक गडबड झाली,’ उदयसिंह बसायच्या आतच सुरू झाला. ‘अनुष्काची परीक्षा निघाली. आमच्या मुलीचं नाव काढा. दोघंच जाणार.’

‘काढतो साहेब. उद्या सकाळी या ना, निवांत बघू.’

‘छे, आत्ताच बघू.’ त्यानं नकाशा पसरला. ‘म्हणजे तिसऱ्या दिवशी आपण पेम्बात. चाके-चाकेला दोन रात्री.’

सायराचं पेन थांबलं.

‘कुठं म्हणालात?’ तिनं विचारलं.

‘चाके-चाके. पेम्बा बेट. तुम्ही ऐकलं नसेल, कुणीच जात नाही तिथं.’

‘कसे जाणार?’

‘झांझिबारहून विमान आहे ना. छोटंसं. अर्धा तास.’

‘कधीपासून जातं?’

‘बरीच वर्षं झाली असतील,’ पद्मजा म्हणाली. ‘दिवसातून दोन-तीनदा जातं. बोटही आहे.’

‘आणि बाहेरच्या माणसाला सोडतात?’

उदयसिंह मोठ्यानं हसला. ‘अहो, न सोडायला काय झालं? चार हॉटेलं आहेत. तुमच्या मिस्टरांनीच तर बुकिंग केलंय!’

ताहेरनं प्रिंटरमधला कागद उगाचच काढून पुन्हा आत घातला. पितळ उघडं पडलं होतं, तेही असल्या बावळटाच्या हातून. सायरानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पद्मजाकडे वळून तिनं सरळ, एका दमात सांगितलं: अब्बा तिथं होते, तिथंच गेले, मशिदीच्या मागच्या कब्रस्तानात त्यांना ठेवलंय, आणि बावीस वर्षं मला सांगितलं जातंय की तिथं जायची सोय नाही.

उदयसिंहनं नकाशाची घडी घातली.

‘आम्ही जाऊ त्या कब्रस्तानात,’ तो म्हणाला. ‘फोटो काढून आणू तुमच्यासाठी. नाव काय होतं वडलांचं?’

‘हां, फोटो!’ ताहेरनं बुडत्यासारखा तो शब्द धरला. ‘साहेब फोटो आणतील, सायरा. मोठा करून फ्रेम करू.’

आता मात्र सायरानं त्याच्याकडे पाहिलं. भाजीतली अळी बाजूला काढताना ती जशी बघायची, तशी.

‘मुलीची जागा रिकामी आहे ना?’ तिनं पद्मजाला विचारलं. ‘मी आले तर चालेल तुम्हाला?’

पद्मजानं नवऱ्याला न विचारता तिचा हात धरला. ‘या. खोली तिघांचीच घेतलीय.’

‘अगं, मी नेतो ना तुला!’ ताहेर उठून उभा राहिला. ‘रमजान होऊ दे, आपण दोघं जाऊ. आणि बायका कब्रस्तानात जात नाहीत, ठाऊक आहे ना? तिथं जाऊन करणार काय?’

‘बाहेर उभी राहीन. भिंत तरी दिसेल. फातिहाची दुआ भिंतीबाहेरूनही पढता येते.’

‘परक्या माणसांबरोबर जाणार? लोक काय म्हणतील?’

‘हे परके आज आले आणि खरं बोलून गेले,’ सायरा म्हणाली. ‘उमऱ्याच्या वेळचा माझा पासपोर्ट कपाटात आहे. काढून द्या.’

तिनं गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म ओढला आणि स्वतःचं नाव लिहायला घेतलं. उदयसिंह तिला लसीची रांग कुठं लागते, कागद कोणते न्यायचे, ते समजावत होता, हळू आवाजात, एकेक मुद्दा दोनदा सांगून. ताहेरला तो तेव्हाही मूर्खच वाटत होता. पण या मूर्खानं कधीही न पाहिलेल्या एका म्हाताऱ्याची कबर शोधायची तयारी अर्ध्या मिनिटात दाखवली होती, आणि आपण जावई असून बावीस वर्षं टाळत आलो, हेही त्याला त्याच वेळी कळत होतं. त्याला स्वतःची किळस आली.

फॉर्म जवळजवळ भरून झाला होता. आणीबाणीत कुणाला कळवायचं, त्या रकान्यात सायरानं माहनूरचं, पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीचं नाव लिहिलं.

‘इथं नवऱ्याचं नाव घालतात,’ ताहेर हलक्या आवाजात म्हणाला. ‘काही झालंच, तर मला कळायला नको?’

‘तुम्हाला कळवलं, तर पुढं कुणालाच खरं कळणार नाही,’ सायरा म्हणाली, आणि फॉर्म त्याच्यापुढं सरकवला.

ताहेर खाली बसला आणि माहनूरचा नंबर टाइप करू लागला.