सकाळचा निरोप

चार दिवस आमच्या घरात आई फक्त माझ्याशी बोलत होती आणि बाबाही फक्त माझ्याशी. "तुझ्या बाबांना सांग, चहा झालाय." "तुझ्या आईला सांग, नकोय." दोघं एकाच टेबलाशी बसलेले, आणि मी मधे. मला चौदावं लागलंय, टपालखात्यात नोकरी काही मी मागितली नव्हती.

भांडण साधंच होतं. मावशीकडे जायचं ठरलं होतं, त्याच दिवशी बाबांनी एका नृत्यशाळेत आरसा बसवायचं काम घेतलं. आमचं काचेचं दुकान दोघांचं आहे आणि मोठी काच दोघांशिवाय उचलली जात नाही. म्हणजे बाबांनी आईचाही दिवस परस्पर देऊन टाकला. चूक बाबांचीच होती. पण म्हणून चार दिवस?

आज तो कामाचा दिवस उजाडला आणि सकाळीच आईने मला आणखी एक निरोप दिला. "त्यांना सांग, उद्या मी ताईकडे जातेय. एकटी. परत कधी येईन ते ठरवलेलं नाही."

ताई म्हणजे माझी मावशी. तो निरोप मी दिलाच नाही.

आरसा सात फूट लांब, तिसरा मजला, जिना अरुंद. बाबा खालच्या टोकाला, कारण वजन तिकडे येतं. आई वरच्या टोकाला, उलट्या पावलांनी. मी बाबांच्या मागे, हत्यारांची पिशवी घेऊन. आमच्या कामात एक नियम फार कडक आहे. उलटं चालणाऱ्याने मागे बघायचं नाही, समोरचा सांगेल तसं पाऊल टाकायचं.

"तिला सांग, पायरी."

"आई, पायरी."

असं करत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आलो. "तिला सांग, पायऱ्या संपल्या," बाबा म्हणाले. मी तोंड उघडेपर्यंत आईने नसलेल्या पायरीसाठी पाय उचललाही होता. तो धपकन खाली आला, आरसा हेलकावला आणि त्याचा कोपरा भिंतीपासून बोटभर अंतरावरून गेला.

मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच पायरीवर बसकण मारली.

"आता मी एकही निरोप देणार नाही," मी म्हणाले. "आई, सकाळचाही नाही. तो तुझा तूच दे."

"अगं, हात भरून आलेत आमचे," बाबा म्हणाले.

"मग तिच्याशी बोला."

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. असं मी जन्मात कधी बोलले नव्हते.

बाबांनी घसा खाकरला. "अगं... डावीकडे वळ. सावकाश."

आई वळली.

"पायरी. पायरी." आणि मग चढता चढताच, "तुला न विचारता हो म्हणालो. पायरी. चुकलं माझं. पायरी. यापुढे आधी विचारेन. थांब, कठडा आहे."

"मीही या पोरीला उगाच मधे पळवलं," आई म्हणाली. "भिंत किती आहे?"

"दोन बोटं."

"मग बोलत राहा."

बाबा बोलत राहिले. मी पिशवी उचलून मागे धावले, एकही शब्द चुकवायचा नव्हता मला.

वर हॉलमध्ये पोचून आरसा भिंतीला लावला. बाबा सवयीने माझ्याकडे वळले, "आईला विचार, सरळ..." मी छताकडे बघत राहिले. मग ते आईकडे वळले. "सरळ आहे?"

"उजवीकडे खाली आहे."

"मुळीच नाही."

"अहो, डोळे तपासून घ्या एकदा."

लेव्हल लावून पाहिली तर आईचंच खरं. दोघं पुन्हा भांडत होते, पण समोरासमोर, एकमेकांशी. मला इतका आनंद झाला की मी रिकाम्या हॉलमध्ये एक गिरकी घेतली.

"सकाळचा कसला निरोप होता?" बाबांनी स्क्रू पिळता पिळता विचारलं. मी गिरकीतच थांबले.

आईने हातमोजे काढले. "उद्या ताईकडे जाणार होते. एकटीच. परत कधी येईन ते न ठरवता."

बाबांचा हात थांबला. "आणि आता?"

"आता तिघं जाऊ. दुकान बंद ठेवाल उद्या?"

"मी एकट्याने ठरवायचं की दोघांनी?"

"दोघांनी," आई म्हणाली आणि हसली.

मी हत्यारं पिशवीत भरायला लागले. तळाशी स्क्रू भरले, वर लेव्हल ठेवली. चार दिवसांत पहिल्यांदाच मला कुणी कुणाला काही सांगायला सांगितलं नव्हतं.